हिशेब शिकवावा लागतो, संगणकालासुद्धा

सुट्टीत मुलांच्या हातून मोबाईल कसा सोडवावा, अशी विचारणा आमच्याकडे नेहमी होते. आमचे उत्तर साधे आहे: घरात जुना का होईना संगणक असेल, तर त्यांना हिशेब करणारा छोटा प्रोग्राम लिहू द्या. चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर आकडे लिहायचे आणि खाली उत्तर यायचे. पायथन ही भाषा त्यासाठी सोपी आहे आणि मोफत मिळते.

पहिला धक्का लगेच बसतो. मूल १२ लिहिते, मग ५ लिहिते, बेरीज मागते आणि उत्तर येते १२५! कारण टाइप केलेली प्रत्येक गोष्ट पायथन आधी अक्षरे म्हणून घेते आणि अक्षरांची बेरीज म्हणजे ती शेजारी शेजारी ठेवणे. 'ही संख्या आहे' असे सांगावे लागते. मग भागाकारात शून्य येते आणि प्रोग्राम मध्येच बंद पडतो. त्यासाठी आधीच अट घालायची: खाली शून्य असेल तर भागू नकोस, तसे सांग. शून्याच्या भागाकाराने थोरामोठ्यांनाही चकवले आहे. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याचे नियम लिहिले, पण शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असे त्याने म्हटले होते. आज ते मान्य नाही.

प्रोग्राम बंद पडला तर निदान कळते तरी. चुकीचे उत्तर गुपचूप येते, ते जास्त वाईट. जकातीचेच घ्या. सोने ५२,००० रुपयांचे, रोकड १८,००० रुपये. चाळिसावा भाग काढायचा. ५२००० + १८००० ÷ ४० असे ओळीने लिहिले तर पायथन आधी भागाकार करते आणि ५२,४५० सांगते. कंस घालून बेरीज आधी करवली की १,७५० येतात. गंमत अशी की दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर हीच बटणे ओळीने दाबली तर बहुधा १,७५०च येतात, कारण तो आलेली क्रिया तिथल्या तिथे उरकतो. मुलांना हा फरक स्वतः शोधू द्यावा, आपण सांगू नये.

आता वारशाकडे येऊ, कारण खरी कसोटी तिथे आहे. नऊ लाखांचे तीन सारखे वाटे करताना तिसऱ्या हिश्श्याला ०.३३ धरले, तर प्रत्येकाला २,९७,००० मिळतात आणि ९,००० कुणाच्याच हाती लागत नाहीत. संगणकाचीही अशीच अडचण आहे. तो दोनच अंकांत मोजतो, त्यामुळे ०.१ सुद्धा त्याला नेमका मांडता येत नाही. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथनला विचारा, ०.३०००००००००००००००४ असे उत्तर येते.

यावर उपाय पायथनमध्येच आहे: अपूर्णांक अपूर्णांकच ठेवणारे 'फ्रॅक्शन'. समजा मयताच्या मागे पत्नी, आई, एक मुलगा आणि एक मुलगी आहे. कर्ज व वसियत चुकती झाल्यावर पत्नीला आठवा हिस्सा, आईला सहावा. दोन्ही मिळून २४ पैकी ७. उरलेले १७ भाग मुलांचे, मुलाला दोन तर मुलीला एक. म्हणजे ७२ भाग केले तर पत्नीला ९, आईला १२, मुलाला ३४, मुलीला १७. बेरीज करून पाहा, ७२ भरतात.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने बीजगणितावर ग्रंथ लिहिला, त्यातला मोठा भाग वसियत आणि वारशाच्या अशाच उदाहरणांनी भरलेला आहे. 'अल्गोरिदम' हा शब्द त्याच्याच नावावरून आला. आपल्याकडे मात्र बहिणीचा वाटा बैठकीत 'नंतर पाहू' म्हणून राहून जातो. घरातली मुलगी हा प्रोग्राम लिहायला बसली, तर तिला हेच उदाहरण द्या आणि १७ भाग पडद्यावर आले की अब्बांना दाखवायला सांगा.