मुलगा पेढीवर परतताना आरोग्यविम्याचे काय?

शहरात नोकरी करणारा मुलगा वडिलांच्या पेढीवर परततो, सूनबाई मात्र आपली नोकरी चालू ठेवतात. असे आता अनेक घरांत दिसते. या हिशेबात एक कलम राहून जाते. मुलाच्या कंपनीचा सामूहिक आरोग्यविमा बहुधा नोकरीच्या अखेरच्या दिवशीच संपतो. ‘सूनबाईंच्या विम्यात नाव घालू’, असे सहज म्हटले जाते. परंतु जोडीदाराचे नाव बहुतेक कंपन्या कर्मचारी रुजू होताना, विवाहानंतर किंवा वार्षिक नूतनीकरणाच्या वेळीच घेतात. नूतनीकरणास सहा महिने असतील, तर तेवढे महिने मुलगा विम्याविना राहील. म्हणून राजीनाम्याआधीच सूनबाईंनी आपल्या कार्यालयाकडून याचे लेखी उत्तर मिळवावे.

उत्तर नकारार्थी आल्यास मुलाने जुन्याच विमा कंपनीकडे, संरक्षण संपण्यापूर्वी, वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतरासाठी अर्ज करावा. कंपनी प्रकृतीची छाननी करू शकते. पण अर्ज स्वीकारल्यास सामूहिक विम्यात गेलेली वर्षे, जुन्या विमा रकमेपुरती, प्रतीक्षा कालावधीतून वजा होतात. वहीतील शिल्लक पुढे ओढावी, तसेच हे. मधुमेहासारख्या आधीपासूनच्या आजारासाठी हा कालावधी २०२४ च्या नियमांनुसार कमाल ३ वर्षांचा आहे. पूर्वी तो ४ वर्षांपर्यंत असे. खंड पडल्यावर अगदी नवी पॉलिसी घेतली, तर तो पहिल्या दिवसापासून मोजला जातो. हप्त्याचा भार मात्र थोडा हलका झाला आहे : २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटी नाही.