कोयत्याचा करार : ऊसतोडणीचा दर कसा ठरतो आणि कोणापर्यंत पोहोचतो

पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके मूळचे अवर्षणप्रवण. नीरा डावा कालवा आल्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागातील एका पट्ट्याचे रूप पालटले. पुढे भीमेवरील उजनी जलाशयामुळे इंदापूर तालुक्याच्या आणखी काही गावांत बागायत वाढली. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी आणि शहाजीनगर येथील सहकारी साखर कारखाने या बदलाची साक्ष देतात. कालवा, सहकार आणि ऊस यांची कहाणी या मासिकांच्या पृष्ठांतून अनेकदा सांगितली गेली आहे. मात्र शेतातील उभा ऊस गव्हाणीपर्यंत पोहोचवणारे हात बहुतांशी या तालुक्यांतले नसतात. ते बीड जिल्ह्यातून, अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगाव भागातून आणि मराठवाड्याच्या इतर दुष्काळी तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास येतात आणि हंगाम संपला की परत जातात.

या कामगारांची मजुरी कोणत्याही एका कारखान्याच्या कचेरीत ठरत नाही. ती राज्य पातळीवर, संघटना आणि कारखान्यांचा संघ यांच्या वाटाघाटीतून ठरते. ही पद्धत कशी चालते, तिने काय साधले आणि काय अद्याप साधलेले नाही, हे ऊसपट्ट्यातील तसेच स्थलांतरितांच्या गावांतील लोकप्रतिनिधींनी, शिक्षकांनी आणि अधिकाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

मालक कोण, हा पहिला प्रश्न

सामुदायिक वाटाघाटीला दोन पक्ष लागतात. शहराच्या अग्निशमन दलातील जवानांची संघटना वेतनकराराची मागणी करते, तेव्हा तिच्यासमोर महानगरपालिका हा एकच आणि ज्ञात मालक असतो. हजेरीपट, वेतनश्रेणी, कामाचे तास यांची नोंद असते. आग थांबून राहत नाही, म्हणून अशा सेवेतील संपाला कायद्याने पूर्वसूचनेचे बंधन घातले गेले. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत अग्निशमन सेवेचा समावेश होता तो याच कारणाने.

ऊसतोडणीतही काळाचे असेच बंधन आहे. तुटलेला ऊस साधारणपणे चोवीस तासांच्या आत गाळला गेला नाही, तर त्याचे वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटू लागतात. हंगामाच्या तोंडावर कोयता थांबला तर कारखाना, शेतकरी आणि वाहतूकदार तिघेही अडचणीत येतात. कामगारांच्या हाती असलेले बळ ते हेच. परंतु येथे मालक कोण, याचे उत्तर सरळ मिळत नाही. कारखाना तोडणी व वाहतुकीचा करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी करतो. मुकादम गावोगाव फिरून टोळी जमवतो आणि उचल देतो. कामगाराचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. कारखान्याच्या लेखी तो मुकादमाचा माणूस असतो; मुकादम मात्र स्वतःला मध्यस्थ म्हणवतो.

या अडचणीतून महाराष्ट्रात एक स्वतंत्र वाट निघाली. ऊसतोडणी कामगारांच्या संघटना आणि महाराष्ट्र राज्य सहकारी साखर कारखाना संघ यांनी समोरासमोर बसावे, आणि एकमत न झाल्यास दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या नेत्यांच्या लवादाने तोडगा काढावा, असा प्रघात पडला. दीर्घकाळ शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे यांनी या वाटाघाटींत प्रमुख भूमिका बजावली. २०१४ मध्ये मुंडे यांच्या निधनानंतर ती जबाबदारी पंकजा मुंडे यांच्याकडे आली. अशा रीतीने, ज्या कामगाराला कागदोपत्री मालक नाही, त्याच्या मजुरीचा दर संपूर्ण राज्यासाठी एकाच बैठकीत ठरू लागला. असंघटित क्षेत्रात ही गोष्ट सामान्य नाही.

दर कसा मोजतात

मजुरी दिवसावर नसून टनावर असते. कामाचे एकक म्हणजे ‘कोयता’. पती आणि पत्नी मिळून एक कोयता धरला जातो. एकटा माणूस असल्यास तो अर्धा कोयता. ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या टोळीत मोळ्या डोक्यावरून वाहून वाहनात भराव्या लागतात. त्या पद्धतीला डोकी सेंटर म्हणतात. बैलगाडीने ऊस पोहोचवणाऱ्यांचे गाडी सेंटर वेगळे, आणि त्यांच्या दरात अंतराप्रमाणे फरक पडतो. मुकादमाचे कमिशन मजुरीवर टक्केवारीने आकारले जाते व तेही याच वाटाघाटीत ठरते.

२०२० च्या हंगामापूर्वी संघटनांनी काम बंदचा इशारा दिला. २७ ऑक्टोबर २०२० रोजी पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा साखर संस्थेत झालेल्या बैठकीत सरासरी १४ टक्के वाढ मान्य झाली आणि डोकी सेंटरचा मूळ दर टनास सुमारे २७३ रुपये झाला. त्या कराराची मुदत संपल्यावर पुन्हा आंदोलन झाले. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात ३४ टक्के वाढीवर तडजोड झाली. दर टनास सुमारे ३६६ रुपयांवर गेला आणि २०२३-२४ पासूनच्या तीन हंगामांसाठी तो लागू करण्यात आला.

दोन्ही वेळा एक गोष्ट दिसून आली. वाटाघाटी हंगामाच्या तोंडावर किंवा हंगाम सुरू झाल्यानंतरच निर्णायक टप्प्याला पोहोचल्या. टोळ्या गावातून निघालेल्या असतात, उचल घेतलेली असते, आणि दर मात्र ठरलेला नसतो. कराराची मुदत आधीच ठाऊक असल्याने नव्या कराराची बोलणी पावसाळ्यापूर्वी सुरू करणे अशक्य नाही. तसे झाल्यास संपाची धास्तीही कमी होईल.

उचलीचे गणित

दरवाढीचे महत्त्व उचलीच्या हिशेबाशिवाय कळत नाही. एक साधे उदाहरण घेऊ. एका कोयत्याने हंगामापूर्वी १ लाख रुपये उचल घेतली आणि रोज सरासरी २ टन ऊस तोडला असे धरू. टनास २७३ रुपये दराने ही उचल फेडण्यास सुमारे ३६६ टन तोडावे लागतील, म्हणजे १८३ दिवस. ३६६ रुपये दराने तेच काम सुमारे २७३ टनांत, म्हणजे १३७ दिवसांत होईल. दरवाढीने फेडीचा काळ दीड महिन्याने आटोपला, ही तिची खरी किंमत.

परंतु हंगामच ११० दिवसांचा झाला तर? तेवढ्या दिवसांत २२० टन तुटतील आणि मजुरी होईल सुमारे ८०,५०० रुपये. उरलेले १९,५०० रुपये पुढील वर्षाच्या खाती चढतील. शिवाय या हिशेबात आजारपणाचे खाडे, पावसाने बुडालेले दिवस आणि हंगामात घेतलेली खर्ची धरलेली नाही. कारखान्यांची गाळपक्षमता वाढली आणि ऊस कमी पडला की हंगाम आखूड होतो. दर वाढूनही कामगाराच्या हाती पैसा उरत नाही, याचे एक कारण येथे आहे. मागील बाकी फेडण्यासाठी पुढील वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. बाकीच्या नावाखाली माणसाला अडवून ठेवणे वा कुटुंबाला धाक घालणे हा १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमाखाली विचारात घेण्याजोगा प्रकार आहे, हे तालुका प्रशासनाने ध्यानी ठेवले पाहिजे.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. उचल घेऊन टोळी न आल्यामुळे वाहतूकदार आणि कारखाने यांचेही नुकसान होते, व त्यातून कोर्टकज्जे उभे राहतात. दोन्ही बाजूंच्या तक्रारींचे मूळ एकच आहे. व्यवहार मोठा, परंतु त्याची लेखी नोंद अपुरी.

शेतकऱ्याचा हिस्सा

बारामती-इंदापूरच्या ऊस उत्पादकाला हा करार परक्यांचा वाटू नये. उसाचा रास्त व किफायतशीर दर कारखान्याच्या दारात पोहोचलेल्या उसासाठी असतो. तोडणी व वाहतुकीची व्यवस्था कारखान्याने केल्यास तो खर्च उसाच्या किमतीतून वजा होतो. म्हणजे तोडणीचा दर वाढला की त्याचा भार अखेर शेतकऱ्याच्या बिलावर येतो. वाटाघाटीच्या बैठकीत कामगार व कारखाना असे दोन पक्ष दिसत असले, तरी तिसरा पक्ष सभासद शेतकरी होय.

म्हणूनच काटकसर कोठे करावी, याचा विचार नेमकेपणाने झाला पाहिजे. ऊस गव्हाणीपाशी वाहनात तासन्‌तास उभा राहतो तेव्हा टोळीचा दिवस वाया जातो आणि उसाचे वजनही घटते. तोडणीचा कार्यक्रम लागवडीच्या नोंदीप्रमाणे पाळला गेला, तर दोघांचाही लाभ आहे. तसे न झाल्यास शेतकऱ्याला आपला ऊस लवकर तुटावा म्हणून ‘खुशाली’ मोजावी लागते. करारात न मिळालेली मजुरी अशा आडमार्गाने वसूल होऊ लागली, की तिला पावती नसते आणि मर्यादाही नसते. तोडणी यंत्रांचा वापर वाढत आहे, तथापि रुंद सरी, सलग मोठे क्षेत्र आणि मोठे भांडवल यांची त्यास गरज असल्याने लहान तुकड्यांच्या शेतीत कोयत्याचे काम एवढ्यात संपणारे नाही.

करारात न मावलेले प्रश्न

टनाचा दर हा कराराचा गाभा असला, तरी कुटुंबाचे वर्ष त्यात मावत नाही. पती-पत्नी मिळून एक कोयता धरल्यामुळे स्त्रीच्या श्रमाला वेगळा हिशेब राहत नाही. उचल पुरुषाच्या हाती, बाकी पुरुषाच्या नावावर, आणि मोळी मात्र दोघांच्या डोक्यावर. आजारपण वा बाळंतपण आले तरी खाडा कोयत्याचा पडतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. त्याच्या चौकशीसाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मजुरीच्या पद्धतीचा आरोग्याशी किती निकटचा संबंध आहे, हे त्या वेळी राज्याला कळून आले.

२०२० च्या टाळेबंदीने दुसरा धडा दिला. हंगाम संपत असताना वाहतूक बंद झाली आणि हजारो कुटुंबे कोपींतच अडकली. त्यांच्या निवाऱ्याची व अन्नाची जबाबदारी कारखान्यांनी उचलावी, असे त्या वेळी प्रशासनाला सांगावे लागले. एप्रिल २०२० मध्ये वैद्यकीय तपासणी करून त्यांना स्वगावी जाऊ देण्यात आले. टोळीत कोण माणसे आहेत याची यादी हाताशी असणे का आवश्यक आहे, हे त्या दिवसांत स्पष्ट झाले.

या उणिवा भरून काढण्यासाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभारण्यात आले. त्याच्या निधीसाठी गाळलेल्या उसावर कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावेत व तेवढीच भर शासनाने घालावी, असे ठरले. कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही आखण्यात आली, जेणेकरून आईवडील हंगामावर गेले तरी मुलांचे शिक्षण गावीच चालू राहावे.

पंचायत आणि शाळा यांचे काम

दर पुण्यात ठरतो. तो खरोखर मिळतो की नाही, हे गावात ठरते. यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

ज्या गावांतून टोळ्या निघतात तेथे कामगारांची नोंदणी व ओळखपत्र देण्याचे काम ग्रामपंचायत पातळीवर सोपवलेले आहे. नोंदणीत पती व पत्नी दोघांचीही स्वतंत्र नावे असावीत. निघण्यापूर्वी उचलीची रक्कम, मागील बाकी, कारखान्याचे नाव आणि कराराचा दर एका कागदावर लिहून त्याची प्रत कुटुंबाकडे राहिली, तर पुढचे बरेच वाद टळतील.

ज्या गावांत टोळ्या उतरतात, म्हणजे बारामती व इंदापूरच्या ऊसपट्ट्यातील गावांत, पंचायतीने कोपींच्या जागी पिण्याचे पाणी, शौचालय आणि दिवाबत्ती यांची सोय कारखान्याच्या सहकार्याने करावी. अंगणवाडी सेविका व आरोग्य सेविका यांच्या भेटीच्या यादीत त्या वस्तीचा समावेश असावा. ही माणसे येथील मतदार नाहीत, म्हणून त्यांची गणना राहून जाते. परंतु ज्या उसावर गावाचे अर्थकारण उभे आहे, तो त्यांच्याच हातून कारखान्यात जातो.

शिक्षकांकडे आणखी एक किल्ली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमानुसार वर्षाच्या मध्येही मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश नाकारता येत नाही, आणि दाखला येण्यास उशीर झाला तरी प्रवेश अडत नाही. मूळ गावच्या शाळेने शिक्षण हमी पत्रक देऊन मुलाला निरोप द्यावा व ऊसपट्ट्यातील शाळेने ते पाहून त्याला वर्गात घ्यावे, एवढे घडले तरी सहा महिन्यांचा खंड भरून निघतो.

पुढील करार होईल तेव्हा चर्चा पुन्हा टक्क्यांचीच होईल, आणि ती व्हायलाही हवी. मात्र त्या टक्क्यांबरोबर उचलीची लेखी नोंद, स्त्रीच्या श्रमाचा स्वतंत्र हिशेब, अपघाताचा विमा आणि हंगामाचे किमान दिवस हे विषयही बैठकीच्या कार्यपत्रिकेवर आले, तर कोयत्याचा करार कामगाराच्या संपूर्ण वर्षाला आधार देऊ शकेल.