किंमतभिन्नता, इलेक्ट्रॉनिक वस्तूंची

एकाच बनावटीची वस्तू निरनिराळ्या देशांत वेगवेगळ्या किंमतींना विकली जाणे म्हणजे किंमतभिन्नता होय. किरकोळ किंमतीत उत्पादनखर्चाखेरीज वाहतूक, विक्रेत्याचा नफा, हमीकाळातील दुरुस्ती, चलनाचा विनिमय दर, आयातशुल्क व विक्रीवरील कर यांचा अंतर्भाव होतो. यांपैकी अखेरचे दोन घटक शासकीय धोरणानुसार ठरतात. उदा., हाँगकाँगमध्ये भ्रमणध्वनी-संचावर आयातशुल्क नाही व सर्वसाधारण विक्रीकरही नाही. भारतात देशी जुळणीच्या संरक्षणार्थ त्यावरील मूळ सीमाशुल्क २०१८ मध्ये २० टक्के करण्यात आले. जुलै २०२४ मध्ये ते १५ टक्क्यांवर आणले गेले. एप्रिल २०२० पासून त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. हा कर शुल्कासह होणाऱ्या मूल्यावर आकारला जात असल्याने १०,००० रु. आयातमूल्याचा संच, अधिभार व नफा वगळताही, १३,५७० रुपयांस पडतो. देशात जुळणी केलेल्या संचास हे सीमाशुल्क लागत नाही, वस्तू व सेवा कर मात्र लागतो.

१ जुलै २०१७ पूर्वी राज्याराज्यांतील करही भिन्न असत. त्यानंतर करदर देशभर एकच झाला. त्यामुळे मुंबईत व सातपुड्यातील मोलगी (ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार) येथे तो समान आहे. तथापि अप्रत्यक्ष कर ग्राहकाचे उत्पन्न पाहत नाही. परिणामी मोलगीच्या बाजारात भगर विकून संच घेणाऱ्या अल्पभूधारकावर त्याच कराचा भार शहरातील पगारदारापेक्षा प्रमाणाने अधिक पडतो.