मेपलचा पाक, काकवी आणि गूळ

मुलांनो, मागच्या शुक्रवारी आम्ही एशियन टाउनला महिन्याचे सामान आणायला गेलो होतो. संक्रांतीसाठी गूळ घ्यायचा होता. फळीवर एका बाजूला मेपल सिरपची बाटली होती आणि दुसऱ्या बाजूला काकवीची. दोन्हींचा रंग जवळजवळ सारखा. आमच्या धाकटीने विचारले, "या दोन्ही एकच आहेत का?" आम्ही घाईत "नाही" म्हणून टाकले. घरी आल्यावर विचार केला, तेव्हा कळले की प्रश्न चांगला होता आणि आमचे उत्तर अर्धवट होते.

मेपल हे कॅनडा आणि अमेरिकेच्या थंड भागातले झाड. जगातला बहुतेक मेपलचा पाक कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातून येतो. हिवाळा संपत आला की रात्री पाणी गोठते आणि दिवसा वितळते. याच काही आठवड्यांत खोडाला छोटे भोक पाडून रस गोळा करतात. या रसात साखर असते जेमतेम २ टक्के, म्हणून चवीला तो पाण्यासारखाच लागतो. ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर पाक मिळतो. घरातली सगळी माणसे त्या दिवसांत भट्टीपाशीच असतात.

आता आपल्या कोल्हापूरकडे या. तिथे दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे सुरू होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. ऊस घाण्यात घालून रस काढतात. उरलेली चिपाडे वाळवून तीच चुलवाणात जाळतात, म्हणजे उसाचा रस उसावरच शिजतो! मोठ्या काहिलीत रस उकळू लागला की त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. त्यामुळे कचरा फेसाबरोबर वर येतो. ती मळी झाऱ्याने काढून टाकतात. मग दोन-तीन तास नुसते आटवणे. एक टन उसापासून साधारण १०० ते १२० किलो गूळ होतो. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस आणि गरम गूळ दिल्याशिवाय कोणी परत पाठवत नाही, बरं का!

आता थोडे विज्ञान. पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते, हे तुम्हाला माहीत आहे. पण पाण्यात साखर असली की ते उकळायला जास्त उष्णता लागते. पाणी उडून जाईल तसा रस दाट होतो आणि त्याचा उत्कलनबिंदू वर चढत जातो. मेपलचा पाक साधारण १०४ अंशांना तयार होतो. उसाचा रस १०५ अंशांच्या आसपास उतरवला तर काकवी. तसाच पुढे ११८ अंशांच्या आसपास नेला तर गूळ. म्हणजे काकवी आणि गूळ यांच्यात फरक फक्त किती पाणी आटवले याचा. धाकटीला खरे उत्तर असे द्यायला हवे होते : "झाडे वेगळी, चव वेगळी, पण करण्याची रीत एकच."

पण गुऱ्हाळावर थर्मामीटर पाहायला मिळेलच असे नाही. तिथे असतो गुळव्या. तो उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो आणि बोटांनी त्याची गोळी वळून बघतो. गोळी जमली की "उतरवा!" क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो आणि आधी उतरवला तर तो मऊ राहून टिकत नाही. आजी लाडवांसाठी गोळीबंद पाक बघते, ती हीच परीक्षा.

आता पालकांसाठी दोन शब्द. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी बरीच गुऱ्हाळे बंद पडत आहेत. ऊस कारखान्याला जातो आणि गुऱ्हाळावर राबायला माणसे मिळत नाहीत. त्यात गिऱ्हाइकाला हवा असतो पिवळाधमक गूळ. गुळाचा रंग उसाची जात, जमीन आणि आच यांवर ठरतो, पण फिका रंग भाव खातो, म्हणून काही ठिकाणी रसात हायड्रॉस पावडर घालतात. प्रत्येक पिवळा गूळ तसा असतो असे नाही. पण नुसता रंग बघून गूळ घेणारे आम्हीही त्यातलेच होतो. मेपलचा गडद पाक लोक खमंग म्हणून मुद्दाम मागून घेतात, आणि आपण तपकिरी गूळ बाजूला सारतो! या वेळी आम्ही तपकिरी ढेप आणली. गुळाच्या पोळ्या उत्तम झाल्या.

घरी करून बघा : वाटीभर गुळात थोडे पाणी घालून उकळा. दर दोन मिनिटांनी एक थेंब थंड पाण्यात टाका. आधी तो विरघळेल, मग तळाशी बसेल आणि शेवटी त्याची गोळी होईल. पाक फार भाजतो, म्हणून गॅसपाशी आई किंवा बाबा हवेतच. गोळी कितव्या मिनिटाला जमली ते वहीत लिहून पुढच्या वर्गात सांगा.