परवानगी मिळाली, मग शटर का उघडेना?

मुंबई, ठाणे किंवा पुण्याच्या कोणत्याही बाजारपेठेतून २०२१ च्या दिवाळीत फेरफटका मारला, तर एक विसंगत दृश्य नजरेस पडे. कापडाची, भांड्यांची आणि सराफीची दुकाने दिवाळीच्या गर्दीने फुलली होती. मात्र त्याच ओळीतील एखाद्या उपाहारगृहाचे शटर अजून खालीच होते. फलकाचा रंग उडाला होता आणि पायरीवर फुलवाल्याने आपली टोपली मांडली होती. शासनाने ऑगस्टमध्ये रात्री १० वाजेपर्यंत आणि ऑक्टोबरमध्ये मध्यरात्रीपर्यंत उपाहारगृहे उघडी ठेवण्यास मुभा दिली. तरीही हे शटर वर गेलेले नव्हते. येणारा-जाणारा म्हणे, मालकाने धंदा गुंडाळला असावा; दुसरा म्हणे, घरी बसण्याची सवय लागली असावी. ही दोन्ही अनुमाने बहुधा चुकीची असत. मालक रोज रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसे, आकडेमोड करी, आणि उघडण्यापेक्षा बंद ठेवण्यात तोटा कमी आहे, या निष्कर्षाला येई. हा निष्कर्ष कसा निघतो, हे समजून घेणे व्यापारी कुटुंबांच्या हिताचे आहे. कारण त्या आकडेमोडीतील निम्मे आकडे त्यांच्याच हाती असतात: कोणी त्या जागेचा मालक आहे, तर कोणी तेथे धान्य, तेल किंवा मसाला पुरविणारा आहे.

दीड वर्षाचा पट

प्रथम तारखा ध्यानात घ्याव्यात. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. केंद्राने ८ जून २०२० पासून उपाहारगृहांना परवानगी दिली. परंतु महाराष्ट्रातील रुग्णसंख्या पाहता राज्यात बसून खाण्याची मुभा ५ ऑक्टोबर २०२० रोजी, तीही निम्म्या आसनक्षमतेने मिळाली. अनेकांनी त्या वेळी उसनवारी करून रंगरंगोटी केली, कामगारांना गावाहून बोलावले, कोठीघर भरले. बरोबर सहा महिन्यांनी, ५ एप्रिल २०२१ रोजी, दुसऱ्या लाटेमुळे बसून खाणे पुन्हा बंद झाले. जून महिन्यात निर्बंधांचे पाच स्तर आले. मुंबईसारख्या तिसऱ्या स्तरातील शहरांत दुपारी ४ पर्यंतच वेळ मिळाली. ज्या धंद्याची खरी कमाई रात्रीच्या जेवणाची, त्याला दुपारी चारची मर्यादा म्हणजे जवळजवळ बंदीच होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून रात्री १० पर्यंत परवानगी आली, आसनक्षमता मात्र निम्मीच राहिली.

एकदा भरलेले कोठीघर ज्याने फेकून दिले आहे, तो दुसऱ्यांदा सहजासहजी भरत नाही. कापडाचा गठ्ठा सहा महिने पडून राहिला तरी विकला जातो. भाजी, दूध, पनीर आणि भिजविलेली डाळ दुसऱ्या दिवशीही टिकत नाही. तिसरी लाट येणार की नाही, हा प्रश्न कापडवाल्यासाठी चिंतेचा होता, पण उपाहारगृहवाल्यासाठी तो भांडवल पुन्हा बुडण्याचा होता.

निम्मी खुर्ची, पण निम्मा खर्च नाही

आता त्या मालकाच्या कागदावरील आकडे पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक उपाहारगृहाचे प्रमाण वेगळे असेल. तथापि रचना सर्वत्र सारखीच आढळते.

समजा, एका मध्यम शाकाहारी उपाहारगृहाची महामारीपूर्वीची विक्री महिना १० लाख रुपये होती. त्यातून कच्च्या मालाला ३ लाख ५० हजार, पगारांना २ लाख, भाड्याला १ लाख ७५ हजार, गॅस, वीज व पाणी यांना १ लाख आणि किरकोळ बाबींना ५० हजार जात. एकूण खर्च ८ लाख ७५ हजार. शिल्लक १ लाख २५ हजार. बँकेचा ६० हजारांचा हप्ता फेडून मालकाच्या घरात ६५ हजार येत. दहा लाखांच्या गल्ल्यावर बसलेला हा माणूस बाहेरून श्रीमंत दिसतो. प्रत्यक्षात त्याची मिळकत एखाद्या वरिष्ठ नोकरदाराइतकीच असते.

आता विक्री निम्म्यावर, म्हणजे ५ लाखांवर आली. कच्चा माल निम्मा, १ लाख ७५ हजार. पगार मात्र निम्मे होत नाहीत. वीस टेबले असोत की दहा, डोशाच्या तव्यावर एक, भाजीच्या शेगडीवर एक आणि भांडी घासायला एक माणूस लागतोच. कितीही काटकसर केली तरी पगार १ लाख ४० हजार होतात. गॅस व वीज ६५ हजार, किरकोळ ४५ हजार. आणि भाडे पूर्वीइतकेच, १ लाख ७५ हजार. खर्च ६ लाखांवर जातो. तोटा १ लाख, त्यावर हप्ता ६० हजार. म्हणजे दिवसभर राबून महिनाअखेर खिशातून १ लाख ६० हजार घालावे लागतात.

शटर बंद ठेवले तर? राखणदाराचा पगार आणि मुख्य आचाऱ्याला टिकवून धरण्यासाठी द्यावयाची अर्धी रक्कम मिळून ३० हजार, विजेचा किमान आकार व इतर १० हजार, आणि हप्ता ६० हजार. एकूण १ लाख. येथे एक गृहीतक आहे: बंदच्या काळात जागामालकाने भाडे माफ केले आहे. भाडे पूर्ण चालू असेल, तर बंद राहण्याचा तोटा २ लाख ७५ हजारांवर जातो आणि उघडणेच परवडते. जागामालकाने उदारपणे भाडे सोडले, पण उघडल्या दिवसापासून पूर्ण मागितले, तर शटर खाली ठेवणे ६० हजारांनी स्वस्त पडते.

वरवर पाहता हे विपरीत वाटेल. ज्याच्यावर दया झाली तो बंद राहतो, ज्याच्यावर झाली नाही तो उघडतो! परंतु आकड्यांचा अर्थ एवढाच, की माफी कोणत्या क्षणी संपते हे महत्त्वाचे आहे. म्हणूनच ज्यांची जागा स्वतःची किंवा जुन्या पागडीची आहे, त्यांना ही अडचण पुष्कळच कमी जाणवते.

यात कराचाही एक पेच आहे. नोव्हेंबर २०१७ पासून सर्वसाधारण उपाहारगृहे ग्राहकाकडून ५ टक्के वस्तू व सेवा कर घेतात, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यांना मिळत नाही. नोंदणीकृत जागामालकाच्या भाड्यावर १८ टक्के कर लागतो. कापड दुकानदार तो आपल्या देय करातून वळता करून घेतो. उपाहारगृहवाल्यासाठी तो निव्वळ खर्च ठरतो.

घरपोच जेवणाने ही तूट भरून निघेल, असे अनेकांना वाटते. काही अंशी ते खरे आहे. तथापि मोबाईलवरून मागणी नोंदविणाऱ्या कंपन्यांचे कमिशन बिलाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शापर्यंत जाते. ज्या धंद्यात मुळात शेकडा बारा-तेरा रुपये उरत होते, तेथे शेकडा वीस-पंचवीस कोठून द्यायचे?

दुसऱ्याच्या भांडवलावर चालणारा धंदा

उपाहारगृह रोखीने विकते आणि उधारीने खरेदी करते. दाणाबाजारातून आलेल्या तांदळाचे पैसे पंधरा दिवसांनी, तेलाचे महिन्याने, दुधाचे आठवड्याने. चालू धंद्यात आजच्या गल्ल्यातून मागच्या महिन्याची उधारी फिटत जाते आणि चाक फिरत राहते. वस्तुतः पुरवठादाराचे भांडवलच हा धंदा चालवीत असते. मार्च २०२० मध्ये चाक एका दिवसात थांबले. गल्ला शून्य झाला आणि उधारी जशीच्या तशी राहिली.

त्यानंतर तो मालक पुन्हा पेढीवर जाई, तेव्हा व्यापारी साहजिकच म्हणे, "आधी मागचे चुकते करा, मग नवा माल, आणि तोही रोखीने." व्यापाऱ्याचीही चूक नव्हती, त्यालाही पुढे देणी होती. पण परिणाम असा होई, की ज्याला पूर्वी कोठीघर भरण्यासाठी खिशातून काही घालावे लागत नव्हते, त्याला आता जुनी उधारी, नवा माल आणि दुरुस्ती यांसाठी एकदम रोख उभी करावी लागे. दीड वर्ष बंद असलेल्या शीतपेटीचा कॉम्प्रेसर जाम झालेला असे, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असत, मसाल्यांची मुदत संपलेली असे. शिवाय २०२१ मध्ये खाद्यतेल आणि व्यावसायिक गॅसचे भाव चढले होते. भोजनपत्रिकेवरील दर मात्र गिऱ्हाईक दुरावण्याच्या भीतीने जुनेच ठेवावे लागत.

आचारी गावाला, लस वेळापत्रकावर

मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरांत उडुपी-मंगळूरकडील, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आणि नेपाळचे कामगार मोठ्या संख्येने आहेत. त्यांतील अनेक जण उपाहारगृहाच्या माळ्यावरच राहत. शटर पडले तेव्हा नोकरीसह निवाराही गेला. मे २०२० मध्ये श्रमिक रेल्वेगाड्यांतून ते परतले. पुन्हा आले, आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा गेले. तिसऱ्यांदा येण्यास ते कचरले, तर दोष कोणाला द्यावा?

त्यात लसीकरणाची अट आली. १५ ऑगस्टच्या सवलतीनुसार कर्मचाऱ्यांचे दोन्ही डोस झालेले हवे होते आणि दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस उलटलेले हवे होते. अट योग्यच होती. पण तेव्हा कोव्हिशिल्डच्या दोन डोसांत किमान ८४ दिवसांचे अंतर होते. २१ जून रोजी केंद्राची मोफत लस सर्व प्रौढांना खुली झाली; त्याच दिवशी पहिला डोस घेणारा वाढपीसुद्धा २७ सप्टेंबरपूर्वी पात्र होत नव्हता. परवानगीची तारीख एक आणि कामगाराच्या पात्रतेची तारीख दुसरी, त्यामुळे कित्येक शटरे सहा-सात आठवडे अधिक बंद राहिली.

गिऱ्हाईकाचेही तेच. फोर्ट किंवा नरिमन पॉइंटच्या दुपारच्या थाळीचा ग्राहक तेव्हा अजून घरून काम करीत होता. पुण्याच्या सदाशिव पेठेतील खानावळींचा आधार म्हणजे बाहेरगावचे विद्यार्थी. ते पूर्ण संख्येने परतेपर्यंत डबा कोणाला द्यायचा?

बँकेची मदत कोणाला पोहोचली?

रिझर्व्ह बँकेने मुदत कर्जाच्या हप्त्यांना मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिन्यांची स्थगिती दिली. व्याज मात्र चालूच होते; आणि स्थगिती ३१ ऑगस्टला संपली, तेव्हा राज्यातील उपाहारगृहांत बसून खाण्यास परवानगीच नव्हती. उत्पन्नाआधी हप्ता सुरू झाला.

मे २०२० मध्ये केंद्राने ३ लाख कोटी रुपयांची आपत्कालीन पतहमी योजना जाहीर केली. तीत २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढे कर्ज येणे होते, त्याच्या २० टक्के जादा कर्ज शासनाच्या हमीवर मिळे. मार्च २०२१ अखेर आतिथ्य क्षेत्रासाठी ही मर्यादा ४० टक्के झाली, मुदत सहा वर्षे आणि पहिली दोन वर्षे मुद्दलफेड नाही. योजना उपकारक होती, यात शंका नाही. मात्र तिच्या रचनेत एक गोष्ट राहून गेली. ३० लाखांचे कर्ज असलेल्याला आधी ६ आणि पुढे १२ लाखांपर्यंत आधार मिळाला. ज्याने आयुष्यभर अंथरूण पाहून पाय पसरले आणि कर्जच घेतले नाही, त्याच्या शून्याचे चाळीस टक्के शून्यच राहिले. व्यापारी घराण्यांत ऋणमुक्त असणे हा सद्गुण मानला जातो. या संकटात नेमका तोच माणूस योजनेच्या बाहेर राहिला. नवे कर्ज मागायला गेला, तर बँक मागील वर्षाची उलाढाल पाही. आणि मागील वर्ष तर कुलूपबंद होते.

करता येण्याजोगे

शासकीय धोरण कोणा एका कुटुंबाच्या हाती नसते. तरीही वरील हिशेबातील दोन आकडे व्यापारी बंधू बदलू शकतात.

पहिला आकडा भाड्याचा. वर्षभरासाठी ठोक भाड्याऐवजी विक्रीच्या प्रमाणात भाडे ठरविता येते. मोठ्या मॉलमध्ये ही पद्धत रूढ आहे. वरील उदाहरणात भाडे विक्रीच्या साडेसतरा टक्के होते. तेच प्रमाण ५ लाखांवर लावले तर भाडे ८७ हजार ५०० होते. मालकाची एकूण तूट १ लाख ६० हजारांवरून ७२ हजार ५०० वर येते, म्हणजे बंद ठेवण्याच्या १ लाखापेक्षा कमी. शटर वर जाते. जागामालकाला शून्याऐवजी ८७ हजार ५०० मिळतात आणि विक्री वाढेल तसे पूर्ण भाडे परत येते. मात्र यासाठी विक्रीचा खरा आकडा दाखविणारा भाडेकरू हवा, आणि तो करार तोंडी न ठेवता लेखी, मुदतीसह करावा.

दुसरा आकडा उधारीचा. जुने येणे आणि नवा व्यवहार ही दोन खाती वेगळी करावीत. जुनी बाकी गोठवून तिचे बारा किंवा अठरा हप्ते पाडावेत. नवा माल प्रथम रोखीने आणि तीन महिने शिस्त दिसल्यावर आठ दिवसांच्या उधारीने द्यावा. बंद उपाहारगृहाकडील येणे वसूल होत नाही, फक्त वहीत दिसत राहते. चालू उपाहारगृहाकडील येणे हळूहळू का होईना, परत येते.

प्रत्येक बंद शटर उघडेलच असे नाही. ज्याचा ग्राहकच त्या भागातून कायमचा गेला, त्याने सामान विकून देणी चुकती करणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. परंतु जे केवळ पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या तुटीला घाबरून थांबले होते, त्यांची संख्या थोडी नव्हती. वहीपूजनाच्या वेळी जुन्या वहीतील बाक्या नव्या वहीत ओढल्या जातात. त्या ओढताना ज्या उपाहारगृहांची नावे समोर येतील, त्यांच्या मालकांना त्याच आठवड्यात बोलावून घ्यावे, समोर कागद ठेवावा आणि दोघांनी मिळून हा हिशेब मांडावा.