प्रोपेलरच्या मागचा पंख

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची सुरुवात १९३९ सालची, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली. धावपट्टी मात्र बरीच वर्षं जेमतेम १३७० मीटरची होती. ती १९३० मीटर झाली अलीकडे. २०१८ मध्ये ‘उडान’ योजनेतून इथून हैदराबाद-बंगळुरूची सेवा सुरू झाली, तेव्हा आलं ते एटीआर ७२, म्हणजे प्रोपेलरचं विमान. जेटच्या जमान्यात प्रोपेलर म्हणजे जुनाट मामला, असा समज अजून बराच पसरलेला आहे. या समजामागे एक सोपी विभागणी असते: प्रोपेलर ओढतो, पंख उचलतो. ही विभागणीच मला मान्य नाही. एटीआरमध्ये ही दोन्ही मिळून एकच यंत्र आहे.

एटीआर ७२-६०० च्या प्रोपेलरला सहा पाती असतात, व्यास ३.९३ मीटर. पंखांचा एकूण पसारा २७.०५ मीटर. म्हणजे पसाऱ्याचा पावाहून जास्त हिस्सा दोन प्रोपेलरच्या थेट मागे येतो. उड्डाणाच्या वेळी तिथली हवा विमानाच्या वेगापेक्षा पुष्कळ जोरात वाहते, आणि उचल तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय ही हवा पीळ घेत येते. पाती वर जातात त्या बाजूला ती पंखाला खालून भिडते आणि उचल वाढवते; पाती खाली येतात त्या बाजूला उचल घटते. दोन्ही प्रोपेलर मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. त्यामुळे वर जाणारी पाती डावीकडे पंखाच्या टोकाच्या बाजूला येतात, उजवीकडे धडाच्या बाजूला. दिसायला जुळे असलेले दोन पंख हवेच्या लेखी जुळे नसतात! हा पीळ प्रोपेलरच्या दृष्टीने वाया गेलेली शक्ती. पण पंख त्यातली काही परत मिळवतो. नदीकाठच्या उभ्या टर्बाइन पंपात फिरत्या चक्रामागची स्थिर पाती पाण्याची गिरकी मोडून तिचा दाब करतात, तेच काम इथे पंख करतो. लुडविग प्रांटल यांनी पंख आणि प्रोपेलरच्या या परस्पर परिणामाची मांडणी १९२१ मध्येच केली होती.

यावर रास्त आक्षेप असा, की इंजिन बंद पडलं तर ही उचलही जाणार. खरं आहे. म्हणूनच प्रमाणपत्रासाठी विमानाचा किमान वेग ठरवताना प्रोपेलरच्या झोताची मदत हिशेबात धरत नाहीत. नाक वर असताना खाली येणारी पाती जास्त ओढतात. त्यामुळे उजव्या प्रोपेलरचा जोर धडापासून लांब सरकतो, डाव्याचा जवळ येतो. साहजिकच डावं इंजिन बंद पडल्यास विमान सावरणं अधिक कठीण, आणि रडर त्या प्रसंगाला पुरेल एवढा ठेवावा लागतो. एअरबसच्या ए४००एममध्ये प्रत्येक पंखावरचे दोन प्रोपेलर उलटसुलट फिरवून बराच तोल साधला आहे, पण त्यासाठी दोन प्रकारचे गिअरबॉक्स सांभाळावे लागतात. लहान विमानसेवेला तो खर्च जड जातो.

मग प्रोपेलर मागेच का लावू नये? बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने ‘सारस’ विमानात तेच केलं; त्याचं पहिलं उड्डाण २००४ मध्ये झालं. पंखाला स्वच्छ हवा मिळते, हा मोठा फायदा. पण अशा रचनेत प्रत्येक पात्याला दर फेरीत पुढच्या आधाराने ढवळलेली हवा कापावी लागते, त्यातून आवाज आणि कंप वाढतो. आणि प्रोपेलरने घातलेला पीळ सोडवून घ्यायला त्याच्या मागे पंखच नसतो.