मालवाहू बोट लढाऊ होते तेव्हा

पाचूबंदरच्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीची नाळ जवळून पाहावी. दोन्ही अंगांना ठसठशीत अक्षरांत नोंदणी क्रमांक असतो. मागे वलांडीवर बोंबील सुकत असतात, त्यांच्याही मागे वसईच्या किल्ल्याचा तट. तो क्रमांक सांगतो, ही बोट मासे मारते, लढत नाही. जगभर नेमकी हीच ओळख पुसट होत चालली आहे, म्हणून हा लेख.

६ फेब्रुवारी २०२५ रोजी इराणच्या क्रांतिरक्षक दलाने ‘शहीद बाघेरी’ ही ड्रोनवाहू नौका आपल्या ताफ्यात घेतली. तिचे पूर्वीचे नाव ‘पेरारिन’. ती कंटेनर वाहायची. तिच्यावर सुमारे १८० मीटरची धावपट्टी आणि टोकाला वर चढत जाणारा उतार बांधला. मालवाहू जहाजाची उंच केबिन मधे येत होती, ती पाडण्याऐवजी धावपट्टीच तिरकी काढली. त्याआधी २०२१मध्ये इराणनेच एका तेलवाहू जहाजाचे ‘मकरान’ हे तरते तळ-जहाज केले होते. यामागचे गणित सरळ आहे. विमानवाहू नौका नव्याने बांधायला वर्षे जातात आणि पैसा पाण्यासारखा ओतावा लागतो. जुन्या मालवाहू जहाजाचा सांगाडा, इंजिन आणि इंधनाच्या टाक्या तयारच असतात.

आपल्या पाण्यात ही युक्ती नवी नाही. १६७९मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांकडे पुरेशी लढाऊ गलबते नव्हती. त्यांनी व्यापारी शिबाडे घेतली, त्यांवर सैनिक चढवले आणि बेटाची वाट अडवायला पाठवली. शिबाड म्हणजे पोटात माल भरून वाऱ्याच्या भरवशावर चालणारे जहाज. मराठ्यांच्या उथळ, वल्ह्यांवर वळणाऱ्या होड्यांपुढे ते आंधळ्यासारखे होते. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट थॉर्प मारला गेला आणि त्याचे शिबाड मराठ्यांच्या हाती पडले. माल वाहण्याची घडण लढाईत नडते, हे खांदेरीने तेव्हाच दाखवले होते.

दुसऱ्या महायुद्धात पाळी आपल्याच बोटींवर आली. रॉयल इंडियन नेव्हीने नागरी बोटी ताब्यात घेऊन त्यांवर तोफा बसवल्या आणि त्यांना गस्तीला जुंपले. त्यांतली ‘पार्वती’ ३० एप्रिल १९४१ रोजी तांबड्या समुद्रात असबजवळ सुरुंगाने बुडाली. ‘प्रभावती’चा शेवट याहून वाईट. ८ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बरच्या दुसऱ्याच दिवशी, रात्रीच्या अंधारात अरबी समुद्रात ती पडाव ओढत चालली होती. ब्रिटिश क्रूझर ‘ग्लासगो’ला तो आकार पाण्यावर आलेल्या जपानी पाणबुडीसारखा दिसला, आणि तिने तोफा डागल्या. आपल्याच बाजूच्या गोळ्यांनी आपले खलाशी मेले. या दोन बोटींची नावे शाळेच्या पुस्तकात यायला हवीत असे मला मनापासून वाटते.

फॉकलंडच्या युद्धात ब्रिटनने ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे कंटेनरवाहू जहाज घाईघाईने हॅरियर विमाने आणि हेलिकॉप्टरे नेण्यासाठी सजवले. स्वतःच्या बचावाची साधने त्याला दिलीच नव्हती. २५ मे १९८२ रोजी दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रांनी ते पेटले, कप्तानासह १२ जण गेले.

असे रूपांतर कसे करावे याचे नियम १९०७च्या हेग करारात आहेत. बोट थेट राष्ट्राच्या हुकमतीखाली असावी, लढाऊ नौकेच्या खुणा बाहेरून दिसाव्यात, तांडा लष्करी शिस्तीत असावा, आणि त्या राष्ट्राने आपल्या लढाऊ नौकांच्या यादीत ती लवकरात लवकर जाहीर करावी. या कलमांमागचे कारण माणुसकीचे आहे: एका बोटीने वेष पालटून वार केला की तिच्यासारखी प्रत्येक बोट संशयात सापडते.

ते आपण २००८ साली भोगले. पोरबंदरची मासेमारी बोट ‘कुबेर’ भर समुद्रात बळकावून, तिच्यावरच्या खलाशांचे जीव घेऊन दहा अतिरेकी मुंबईपर्यंत आले आणि २६ नोव्हेंबरला रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार नगरला उतरले. त्यांना पहिल्यांदा हटकले ते तिथल्या कोळ्यांनीच. पण त्यानंतर ओळखपत्रे, बोटींचे ठरावीक रंग, समुद्रात अडवून झडत्या, हे सगळे वाट्याला आले तेही कोळ्यांच्याच. तपासणी गरजेची होती. तरी ज्याने हटकले त्यालाच गुन्हेगारासारखे उभे करणे मला अन्यायाचे वाटते.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात, मासेमारी बोटींवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. हे यंत्र बोट कुठे आहे ते उपग्रहामार्फत कळवते आणि संकटात तांडेलाला संदेश धाडता येतो. समुद्रात जहाजे वेष पालटू शकत असताना खऱ्या मासेमाराला आपली ओळख सांगता येणे, हे त्याचे चिलखत आहे. म्हणून पाचूबंदर ते झाईपर्यंतच्या तांडेलांना विनंती: बोट खाडीबाहेर काढताना ते यंत्र चालू आहे ना, एवढे पाहा. आणि सरकारला विनंती: त्यावरून आलेल्या हाकेला रात्रीच्या दोन वाजताही उत्तर देणारा माणूस किनाऱ्यावर बसवा.